जालन्याचा हापसा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि राजवंशांच्या वंशावळी उभ्या राहतात. शाळामास्तर म्हणून हयातभर मी मुलांकडून तोच इतिहास घोकून घेतला, आणि त्याबद्दल मला आज पश्चात्ताप होतो असेही नाही. परंतु ज्या वस्तूची हकीकत मी आज सांगणार आहे तिचे नाव मी शिकवलेल्या एकाही क्रमिक पुस्तकात मला आढळले नाही. ती वस्तू म्हणजे हातपंप. आमच्या बोलीत हापसा. शहरात राहणाऱ्या श्रोत्यांनी तो आगगाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. लोखंडी खांब, त्याला एक लांब दांडा, आणि भोवती हंडे-घागरींचा घोळका. ही वस्तू इतकी साधी दिसते की तिला इतिहास असेल अशी शंकाही कोणास येऊ नये. तथापि तिला इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आमच्या जालन्यात घडले आहे.

मी धावड्याचा. आमचे गाव भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाला वसलेले आहे. आज ते जालना जिल्ह्यात मोडते. पण १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पायाखालचा खडक मात्र तोच राहिला. आणि पाण्याच्या गोष्टीत खरा अंमल त्याचाच चालतो. हा दख्खनचा काळा पाषाण. ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर साचून झालेला हा खडक वाळूसारखे पाणी पोटात धरून ठेवीत नाही. त्याच्या भेगांत आणि दोन थरांमधील सांध्यांत जेवढे झिरपेल तेवढेच आपले. म्हणून आमच्या पूर्वजांनी रुंद तोंडाच्या विहिरी खणल्या, पहारीने आणि पुढे सुरुंगाने खडक फोडला, आणि हाती लागलेल्या झऱ्यावर पिढ्या काढल्या.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. तो दुष्काळ खडी फोडण्याच्या कामांसाठी आणि सुकडीसाठी पुष्कळांच्या स्मरणात आहे. माझ्या स्मरणात विहिरीचा तळ आहे. पोहरा सोडून पाणी शेंदण्याची सोयच उरली नव्हती. आई दोर धरून खाली उतरे, झऱ्यापाशी बसे, आणि वाटीवाटीने घागर भरी. एक घागर भरण्यास किती वेळ लागतो हे मी वर काठावर बसून अनुभवले आहे. खाली वाकून पाहू नकोस, माती पडते, असे ती ओरडून सांगे. तो आवाज कोरड्या विहिरीत घुमून वर येई.

दुष्काळाने एक नवे यंत्र मात्र आमच्या मुलखात आणले. हवेच्या दाबाने चालणारा हातोडा खडकात उतरवून थोडक्या वेळात वितीएवढ्या रुंदीचे खोल भोक पाडणारी ती गाडी होती. १९६६-६७ साली बिहारात भीषण अवर्षण पडले तेव्हापासून युनिसेफ या संस्थेने अशी वेधनयंत्रे आपल्या देशात आणविली. काही ख्रिस्ती मिशनांनीही त्याच सुमारास महाराष्ट्रात हे काम हाती घेतले होते. पहारीला जे काम वर्षानुवर्षे पुरे ते आता एका दिवसात होऊ लागले. खडकाच्या खोल भेगांतील पाणी हाती आले. ते उघड्या विहिरीतील पाण्यापेक्षा स्वच्छही होते. प्रश्न एवढाच उरला, की वितीभर रुंदीच्या भोकात ना पोहरा जातो ना मोट. मग पाणी वर काढावे कशाने?

उत्तर तयारच होते, आणि तेथेच सगळा घोटाळा झाला. युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या अंगणात ओतीव लोखंडाचे हातपंप बसवीत असत. त्यांच्याच नमुन्यावर आपल्याकडेही पंप ओतले गेले आणि गावोगाव बसविले गेले. दिसावयास ते देखणे होते. थोड्याच काळात दांड्यांच्या खिळी झिजल्या, सांधे खिळखिळे झाले, लोखंड तडकले. दर पंप कोठे ना कोठे मोडून पडला. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास जेव्हा या पंपांची पाहणी करण्यात आली तेव्हा चारांपैकी सुमारे तीन पंप बंद अवस्थेत आढळले. कोट्यवधींचा खर्च, खडकात पाडलेली भोके, खाली पाणी. आणि वर मोडका दांडा!

अशा वेळी दोष कोणास द्यावयाचा याचाही एक ठरलेला प्रघात आहे. गावकरी आडदांड आहेत, पोरे दांड्याला लोंबकळतात, बायकांना यंत्र हाताळण्याची अक्कल नाही, असे बोलले जाई. मी स्वतः ते ऐकले आहे. आमच्या वस्तीवरील पहिल्या पंपाचा दांडा मधोमध मोडला आणि एका मुलीच्या हनुवटीला लागला, तेव्हा दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी त्या मुलीसच दटावले. कोणत्या कार्यालयाचे ते गृहस्थ होते हे सांगण्यात आता हशील नाही. त्या मुलीच्या हनुवटीवरचा व्रण मात्र मी पुढे कित्येक वर्षे पाहत आलो.

आता शाळामास्तराच्या सवयीने थोडे गणित मांडतो. श्रोत्यांनी कंटाळू नये. सहा माणसांच्या एका कुटुंबाला दिवसाकाठी माणशी २० लिटर पाणी धरले तर १२० लिटर होते. मिनिटास १५ लिटर या हिशेबाने ते भरावयास आठ मिनिटे पुरतात, म्हणजे मिनिटास चाळीस हापसे धरून दिवसाचे ३२० हापसे झाले. परदेशी शेतघरातील पंपाचे आयुष्य असे ३२० हापशांचे. आता आमच्या गावातील पंप पाहा. पहाटेच्या काळोखात पहिली घागर लागते आणि रात्री जेवणे झाल्यावर शेवटची उचलली जाते. मधली विश्रांती वजा करून दहा तास धरले तरी २४,००० हापसे झाले. भागाकार करा, उत्तर ७५ येते. याचा अर्थ असा, की त्या कुटुंबाच्या अंगणात पंपाची जी झीज होण्यास पंचाहत्तर वर्षे लागली असती ती आमच्याकडे एका वर्षात होत होती. यात आडदांडपणाचा संबंध कोठे आला? ज्याने तो पंप मुळात आखला त्याच्या मनात एक अंगण होते, एक गृहिणी होती, आणि तिच्या मागे कोणीही रांगेत उभे नव्हते. आमच्याकडील रांग त्याने कधी पाहिलीच नव्हती, हा त्याचा अपराधही नव्हे. अपराध असेल तर, ज्यांच्या दारात ती रांग उभी होती त्यांनीही ती पाहिली नाही, हा.

आपल्या जुन्या कथांत परकायाप्रवेशाचे वर्णन येते. सिद्धपुरुष आपला देह सोडून दुसऱ्याच्या देहात शिरतो आणि त्याच्या डोळ्यांनी जग पाहतो. यंत्र घडविणाऱ्याला असा परकायाप्रवेश क्वचितच कोणी शिकवितो. तो लोखंडाची ताकद मोजतो, पाण्याचा भार मोजतो. दांडा हाती धरणाऱ्या बाईच्या देहात शिरून पाहणे त्याच्या पाठ्यक्रमात नसते.

जालन्यात मात्र हे काही अंशी घडले. स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन एकोणिसाव्या शतकापासून तेथे काम करीत होते. साठीच्या दशकात त्या मिशनने आसपासच्या खेड्यांत विंधनविहिरी घेण्यास आरंभ केला. ज्यांनी भोके पाडली त्यांच्याच कानावर पंप मोडल्याच्या तक्रारी येत. रस्त्याने जाता-येता मोडके दांडे त्यांनाच दिसत. मुंबईस किंवा परदेशी बसून नकाशे काढणाऱ्यावर ही पाळी येत नाही. मोडतोडीच्या या रोजच्या अनुभवातून त्यांनी ओतीव लोखंड टाकून पोलादी पंप बांधला. जुन्या पंपाच्या दांड्याला अनेक खिळी होत्या आणि प्रत्येक खीळ ही झिजण्याची एक जागा होती. जालन्याच्या पंपाने दांड्याला एकच आस ठेवला. पंपांच्या इतिहासात याला ‘जालना पंप’ असेच नाव आहे. आमच्या जिल्ह्यातील किती लोकांस हे ठाऊक आहे, देव जाणे! मलाही ते फार उशिरा कळले.

हीच कल्पना पुढे सोलापुरास गेली आणि तेथील मिशनच्या कारखान्यात अधिक पक्की झाली. सोलापूर पंप त्या काळी सर्वांत टिकाऊ म्हणून नावाजला गेला. पाहणीत चारांपैकी तीन पंप बंद दिसले तेव्हा सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नव्या पंपाचा विचार सुरू केला, आणि त्यांनी पायाभूत धरला तो हा सोलापूर पंपच. १९७६-७७ साली कोइमतूरच्या परिसरात, जेथे पाणी खोल आहे आणि पंपास क्षणाची उसंत नाही, अशा ठिकाणी नमुने बसवून त्यांची परीक्षा घेण्यात आली. परीक्षेची जागा प्रयोगशाळेत न ठेवता रांग असलेल्या गावात ठेवली, हा त्या मंडळींचा शहाणपणा मला विशेष वाटतो. पुढे मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याने हा पंप मोठ्या प्रमाणावर तयार केला, आणि १९७९ साली भारतीय मानक ९३०१ या अंकाने त्याचे प्रमाण ठरले. त्याचे नाव ‘इंडिया मार्क दोन’. त्याचे हक्क कोणी राखून ठेवले नाहीत. ज्याला येईल त्याने तो बनवावा. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे सुमारे पन्नास लाख पंप बसले होते, त्यांत आफ्रिकेतील गावेही आली.

या पंपाचे डोके एकदा उघडून पाहण्याचा योग मला आला. तालुक्याहून आलेल्या मिस्त्रीने शाळेजवळचा पंप दुरुस्तीस काढला, तेव्हा वर्ग सोडून मी मुलांसह तेथे जाऊन बसलो. दांड्याच्या आतील टोकास वर्तुळाच्या तुकड्यासारखी एक लोखंडी पट्टी असते. तिच्यावरून सायकलीच्या साखळीसारखी, पण तिच्याहून दणकट साखळी खाली जाते आणि नळीतील सळईस जोडलेली असते. साखळीला ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून बाहेरचा दांडा खाली दाबला की सळई सरळ वर येते, आणि सोडला की स्वतःच्या वजनाने खाली जाते. सळई तिरपी ओढली जात नाही, त्यामुळे ती घासत नाही. आसाभोवती बंद डब्यातील गोळ्यांचे बेअरिंग असते; त्याला तेल घालावे लागत नाही. ज्या गावात तेलाची बाटली पंपापर्यंत पोचण्यास सहा महिने लागतात त्या गावासाठी ही केवढी सोय आहे! वरचे डोके झाकणाने घट्ट बंद असते, म्हणून पोरांनी टाकलेले खडे आत जात नाहीत. पोरे खडे टाकणारच, हे येथे कोणीतरी आधीच गृहीत धरले होते.

आणि तो दांडा. भरीव पोलादाचा, जड. एवढा जड दांडा कशाला, असे मुलांनी विचारले. पुन्हा गणित आले. पाणी तीस मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलोचा भार पडतो. दांड्याची लांब बाजू आखूड बाजूच्या आठपट, म्हणून हाताला तो १२ किलोच लागतो. आणि खाली लोंबणाऱ्या सळ्यांचे वजन दांड्याच्या स्वतःच्या जडपणाने बरेचसे तोलले जाते. शिवाय बाईने जोर लावावयाचा तो खाली दाबताना, म्हणजे दंडाबरोबर अंगाचा भारही कामी येतो. आईला विहिरीतून घागर वर ओढताना जो कस लागे त्याच्याशी याची तुलना करून पाहिली, आणि मग मुलांना जे सांगावयाचे होते ते बाजूस ठेवून मी जरा वेळ गप्पच बसलो.

मात्र या पंपातही एक चूक राहिली होती, आणि तीही वापरणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याच्या बाबतीत. खाली दट्ट्यावरचे चामडी वॉशर झिजले म्हणजे ते बदलण्यासाठी सबंध पाइप आणि सळ्या वर ओढाव्या लागत. त्याला तिकाटणे लागे, चार-सहा माणसे लागत, गाडी लागे. दहा-वीस रुपयांच्या वॉशरपायी गाव आठवडेच्या आठवडे तालुक्याच्या गाडीची वाट पाहत बसे. ऐंशीच्या दशकात पुन्हा कोइमतूरकडेच प्रयोग झाले आणि ‘मार्क तीन’ निघाला. त्यात पाइप रुंद केला, जेणेकरून दट्ट्या पाइपातूनच वर काढता यावा. दोन माणसे थोड्या हत्यारांनी हे काम करू शकतात. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात तर खेड्यातील स्त्रिया हे काम शिकल्या आणि पाने घेऊन गावोगाव पंप दुरुस्त करू लागल्या.

येथे मला किर्लोस्करांच्या नांगराची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे गेली. ही गोष्ट सांगताना आपण सुशिक्षित लोक शेतकऱ्याच्या भोळेपणास हसतो. मला तसे हसवत नाही. ज्याचे वर्षाचे पीक एका नांगरटीवर अवलंबून आहे त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहिले तर ते शहाणपणाचेच म्हटले पाहिजे. ज्याने दोन वर्षे धीर धरला त्यालाही हे कळले असावे.

असो. यंत्र सुधारले म्हणून सर्व सुधारले असे मात्र नव्हे. हापसा कोठे बसवावा हा प्रश्न पोलादाने सुटत नाही. मी नोकरीस असलेल्या एका गावी तो चावडीसमोर बसविला गेला. जागा दाखविणारे सारे पुरुष होते आणि चावडी ही त्यांना गावातील सर्वांत मानाची जागा वाटली. परंतु चावडीच्या ओट्यावर दिवसभर वडीलधारी मंडळी बसलेली. त्यांच्यासमोर डोईवरचा पदर सांभाळीत दांडा हापसावा कसा? सुना पहाटे चारला येत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळी पंप रिकामा उभा असे आणि मंडळी म्हणत, पाहा, एवढी सोय केली तरी बायकांना आळस! जागा ठरविण्यापूर्वी एका तरी बाईस विचारले असते तर? पण विचारावयाचे कोणी, आणि तिने उत्तर द्यावयाचे कोणासमोर?

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. इतिहासाच्या तासाला मी हे दरवर्षी शिकवीत असे. हापसा आला तेव्हा मला भाबडेपणाने वाटले होते, की आता विटाळाचे कारणच उरले नाही. पाणी जमिनीखाली, बंद नळीत, त्याला कोणाचाही हात लागत नाही. परंतु दांड्याला हात लागतो! आधीच्या बाईने घागर उचलली की तो दांडा पाण्याने धुऊन मगच आपली घागर लावणारी माणसे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. माझ्याच वर्गातील दोन मुली एका बाकावर बसत आणि संध्याकाळी हापशावर एकीच्या आईमागून दुसरीची आई दांडा धुई. त्या मुली ते पाहत. मी त्या वेळी काही बोललो नाही, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

हापशाने केलेल्या उपकारांत एक असा आहे, की आजच्या मुलांस तो सांगूनही समजत नाही. तो म्हणजे नारूचे उच्चाटन. पायऱ्यांच्या विहिरीत आणि बारवेत उतरून लोक पाणी भरीत. नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात बुडे, त्यातून किडीची पिल्ले पाण्यात सुटत, पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांबीचा दोरा बाहेर येई. माझ्या आजोबांच्या पोटरीवर त्याची खूण होती. काडीला गुंडाळून तो दोरा रोज थोडथोडा ओढावा लागे. तुटला तर पाय सुजे. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, पाणी गाळून पिण्याचा प्रचार करून आणि विंधनविहिरी देऊन हा रोग आपल्या देशातून घालविण्यात आला. शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

सध्याची स्थिती सांगून मी आपली रजा घेतो. मार्क दोन हा सुमारे पन्नास मीटरपर्यंतचे पाणी उचलण्यासाठी घडविलेला आहे. आता आमच्याकडे बागायतीसाठी त्याच्या कित्येकपट खोल भोके पाडली जातात, आणि उन्हाळ्यात शाळेजवळच्या हापशाखालील पाणी त्याच्या आवाक्याबाहेर जाते. मध्यंतरी त्याच भोकात विजेची मोटर सोडली गेली. मोटर बसविताना डोके उतरवून नेले, दांडाही नेला. वीज असली म्हणजे टाकी भरते आणि नळाला पाणी येते. वीज गेली म्हणजे बायका रिकामे हंडे घेऊन त्या उघड्या नळीभोवती उभ्या राहतात. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे पाणी चांगले वर आलेले असता, तीन दिवस वीज नव्हती. तेव्हा एका म्हातारीने मला थांबवून विचारले, “गुरुजी, मोटर बसवली ते बरंच झालं, पण दांडा कशापायी नेला? त्यो काय खात व्हता का?” मी तिचा प्रश्न अर्जात लिहून वर पाठविला आहे. अर्ज पोचल्याची पावती आली आहे. दांडा अद्याप आलेला नाही.